डोक्याला एकवीस तारा लावल्या, पण पोरगं खोटं का बोलतं ते दिसेना

मिरजमळा (धागाकर्ती):

मी ईईजी काढते, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख. मिरजेत, गेली सोळा वर्षं. डॉक्टर नाही हं. डोकं टेपनं मोजायचं, पेन्सिलीनं खुणा करायच्या, पेस्ट लावून तारा चिकटवायच्या आणि खोलीतला पंखा बंद करून घामाघूम बसायचं, हे माझं काम. विजेची ५० हर्ट्झची गुणगुण आमच्या आलेखात घुसते, म्हणून पंखा बंद. पेशंटच्या केसांतलं खोबरेल तेल हा दुसरा शत्रू. 'आदल्या दिवशी शॅम्पूनं डोकं धुऊन या' असं फोनवर तीनदा सांगितलं तरी लोक चापूनचोपून तेल लावूनच येतात.

गेल्या महिन्यात एक जोडपं अकरा वर्षांच्या मुलाला घेऊन आलं. (तपशील थोडे बदललेत.) चिठ्ठीवर 'वागण्यात बदल, फिट्स आहेत का पाहणे' असं लिहिलेलं. आईनं मला बाजूला घेऊन वेगळंच सांगितलं. "मॅडम, हा घरातले पैसे उचलतो आणि तोंडावर खोटं बोलतो. मशीनमध्ये येईल ना, मेंदूत काय बिघाड आहे ते?"

मी म्हटलं, नाही येणार. तर वडील म्हणाले, "अहो, कोर्टात चालतं की हे. पुण्यात एका मुलीला यावर जन्मठेप झाली होती."

झाली होती, खरंच. जून २००८, पुणे सत्र न्यायालय. आधीच्या वाग्दत्त वराला आर्सेनिक घातलेला प्रसाद देऊन मारल्याचा आरोप. इतर परिस्थितिजन्य पुरावाही होता, पण मुंबईच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत केलेली 'बीईओएस' चाचणी निकालात वजनदार ठरली. आरोपीच्या डोक्यावर इलेक्ट्रोडची टोपी, डोळे मिटलेले, तोंडातून एक शब्द नाही. समोरून 'मी आर्सेनिक विकत घेतलं' अशा धर्तीची वाक्यं ऐकवायची आणि मेंदूच्या लहरींवरून संगणकानं सांगायचं की या बाईला ही गोष्ट नुसती माहीत आहे की तिनं ती स्वतः केली आहे. त्याला नाव दिलं होतं 'अनुभवजन्य ज्ञान'.

ते तेव्हा पेपरात वाचून माझ्या पोटात गोळा आला होता, कारण ती टोपी म्हणजे माझंच यंत्र. थोडं सजवलेलं.

माझ्या यंत्राला काय दिसतं ते सांगते. कवटीवरून येणारा सिग्नल मायक्रोव्होल्टमध्ये मोजतात. पेशंटनं दात आवळले तर त्याच्या कित्येक पट मोठा गोंधळ उमटतो. पापणी लवली की पुढच्या तारांवर डोंगर. डोळे मिटून माणूस स्वस्थ पडला की मागच्या बाजूला सेकंदाला आठ ते तेरा अशा लाटा येतात, त्या अल्फा. डोळे उघडले की गायब. सोळा वर्षांनंतरही हे बघायला मला आवडतं. पण डोळे मिटून त्यानं रामाचं नाव घेतलं की भावकीतल्या बांधाचा विचार केला, हे अल्फावरून मला काय, कुणालाच सांगता येत नाही.

आता दुसरी बाजू. दोनेक वर्षांपूर्वी दुसरीतली एक मुलगी आली होती. शाळेतून सारखी तक्रार: लक्ष नसतं, बोलता बोलता गप्प होते, उद्धट आहे. मी तिच्या हातात भिरभिरं दिलं आणि तीन मिनिटं फुंकत राहा म्हटलं. जोरजोरात श्वास घेतला की अशा फिट्स बाहेर पडतात, म्हणून ही युक्ती. दुसऱ्या मिनिटाला भिरभिरं थांबलं. पोर समोर बघत राहिली आणि स्क्रीनवर एकाच वेळी सगळ्या तारांवर टोकदार लाटा, सेकंदाला तीन. दहा-बारा सेकंद. मग काही झालंच नाही अशी ती परत फुंकायला लागली. तिच्या आईला तिथंच रडू फुटलं. याच 'उद्धटपणा'पायी तिनं मुलीला मारलं होतं.

तेव्हा मेंदूविज्ञान कुचकामी आहे असं म्हणायला मी धागा काढलेला नाही. या मुलीच्या बाबतीत 'का'चं उत्तर आलेखात होतं. त्या मुलाच्या बाबतीत नव्हतं, आणि असेल असं मला वाटतही नाही. ही रेघ नेमकी कुठं पडते? जाणकारांनी सांगावं.

खडूस_नाना:

पहिला नंबर माझा!

आमच्या कॉलनीत चार वर्षांपूर्वी 'मिडब्रेन अॅक्टिव्हेशन'चे वर्ग निघाले होते. पंधरा हजार रुपये, दोन दिवस, मग मूल डोळ्यांवर पट्टी बांधून नुसत्या वासावर रंग ओळखणार. मेव्हण्यानं पोराला घातलं. दिवाळीत प्रात्यक्षिक झालं, सगळे खूश. मी मागून पोराच्या डोळ्यांवर हात ठेवला तर रंग बंद पडले. नाकाच्या कडेच्या फटीतून दिसत होतं त्याला. अंनिसवाले अशा वर्गांना जाहीर आव्हान देतात ते उगाच नाही.

मेव्हणा अजून माझ्याशी नीट बोलत नाही. त्याचं स्पष्टीकरण मात्र मेंदूत शोधायची गरज नाही.

वेगळीच_कावेरी:

ताई, छान धागा. मी लाइपझिगला एफएमआरआयचा डेटा चाळून पोट भरते, म्हणून माझ्या अंगणातलं सांगते.

लोकांना वाटतं एफएमआरआयमध्ये विचार 'दिसतात'. आम्ही मोजतो रक्तातल्या ऑक्सिजनची हालचाल. एखाद्या भागातल्या पेशी कामाला लागल्या की तिकडे रक्त जास्त वाहतं, तेही पाच-सहा सेकंद उशिरा. चित्रातला एक ठिपका म्हणजे साधारण तीन मिलिमीटरचा चौकोनी तुकडा, त्यात काही लाख पेशी. म्हणजे स्टेडियमच्या बाहेर उभं राहून गलका मोजायचा आणि आतल्या कुठल्या प्रेक्षकानं कोणाला शिवी घातली ते सांगायचं.

आणि ते रंगीत ठिपके आकडेमोडीतून येतात. २००९ साली क्रेग बेनेट आणि मंडळींनी एक सॅल्मन मासा यंत्रात ठेवला, माणसांचे फोटो दाखवले आणि 'या माणसाच्या मनात कोणती भावना आहे' असं त्याला रीतसर विचारलं. मासा बाजारातून आणलेला. मेलेला. तरी त्याच्या मेंदूत 'सक्रिय' ठिपके निघाले. हजारो ठिकाणी एकदम तपासणी केली की काही ठिकाणी निव्वळ योगायोगानं होकार येतोच, त्याची दुरुस्ती केली नाही तर मासाही सहृदय ठरतो. त्यांना २०१२ चं इग नोबेल मिळालं (आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीदार पारितोषिक). दुरुस्ती केल्यावर ठिपके गेले, हेही सांगायला हवं. नाहीतर लोक अर्धीच गोष्ट सांगत फिरतात.

याहून मला जास्त टोचलेला प्रयोग २०२० चा. एकच डेटा ७० गटांना दिला, नऊ ठरावीक प्रश्न विचारले. कोणत्याही दोन गटांनी डेटा हुबेहूब सारख्या पद्धतीनं हाताळला नाही आणि बऱ्याच प्रश्नांवर उत्तरं फाटली. कुणी लबाडी केली नव्हती. प्रत्येकाच्या पायऱ्या आपापल्या जागी समर्थनीयच होत्या.

तुमच्या रेघेबद्दल. फिटमध्ये ठरावीक लाट आणि ठरावीक वागणं यांची गाठ पक्की आहे. खोटं बोलणं ही काही एक घटना नाही. भीतीपोटी बोललेलं खोटं, बहिणीला वाचवायला बोललेलं, गंमत म्हणून बोललेलं, यांना आपण एक नाव दिलं म्हणून मेंदूत त्यांचा एक कोपरा असेलच असं कशावरून? आमच्याकडे उलटी उडी फार मारतात: अमिग्डाला (भावनांशी जोडला जाणारा मेंदूतला एक छोटा भाग) पेटला, म्हणजे हा घाबरला. पण अमिग्डाला आनंदानंही पेटतो, नवलानंही पेटतो.

दुपारचा_चहा:

मी थोडा विरोधात लिहिणार आहे. राग नसावा.

माझे वडील. निवृत्त मुख्याध्यापक, आयुष्यात पत्त्याला हात लावला नाही, गणपतीत रमीचा डाव पडला तरी उठून जायचे. पासष्टीला पार्किन्सन्स निघाला, डोपामाइनसारखं काम करणारी गोळी सुरू झाली. अडुसष्टाव्या वर्षी मला बँकेचा मेसेज आला. ऑनलाइन रमीत सात महिन्यांत चार लाख गेले होते. रात्री दोन वाजता पांघरुणात फोन घेऊन खेळायचे. आईला वाटायचं भजनं ऐकतात.

न्यूरोवाल्या डॉक्टरांनी ऐकल्याबरोबर सांगितलं, गोळीचा परिणाम. मात्रा हळूहळू उतरवली. दोन महिन्यांत खेळ सुटला. उपदेश नाही, समुपदेशन नाही, शपथ नाही.

आता मला सांगा, इथं मेंदूविज्ञानाची मर्यादा कुठं आहे? आमचं घर त्यानंच वाचवलं. 'माणूस म्हणजे मेंदूच्या पलीकडचं काहीतरी' वगैरे वाक्यं मला त्यानंतर सोसत नाहीत. उद्या यंत्रं सुधारतील, तेव्हा त्या पैसे उचलणाऱ्या मुलाचंही कारण दिसेल. आज दिसत नाही म्हणजे तिथं नाही, असं नव्हे.

तंबोरा४४०:

सुंदर चर्चा. मिरजेचा विषय निघालाच आहे तर सांगतो. तंबोऱ्याच्या तारेची कंपनं तुम्ही अगदी दशांशापर्यंत मोजाल, पण त्यावरून यमन सापडेल का? मेंदूचं तसंच आहे.

खडूस_नाना:

@तंबोरा४४०, उपमा झकास, पण युक्तिवाद कुठाय? कंपनं नीट मोजली तर यमन आहे की भूप हे आजकाल मोबाइलवरचं अॅपसुद्धा सांगतं.

तंबोरा४४०:

प्रकाटाआ. (प्रतिसाद काढून टाकला आहे.)

मिरजमळा:

@दुपारचा_चहा, राग कसला, उलट तुमचा प्रतिसाद वाचून मी चहा थंड केला. तुमचं उदाहरण माझ्या भिरभिऱ्यापेक्षा भारी आहे.

पण एक विचारू? गोळीमुळे झालं हे कबूल. गोळीनं 'रमी' कशी शिकवली?

वेगळीच_कावेरी:

ताईंनी विचारलं त्याला जोडून. २०१० साली पार्किन्सन्सच्या ३,०९० रुग्णांचा मोठा अभ्यास आला. या जातीची औषधं घेणाऱ्यांपैकी साधारण १७ टक्क्यांना आवेगावर ताबा न राहण्याचा त्रास दिसला, न घेणाऱ्यांत ७ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे औषधाचा हात आहे, वाद नाही. पण औषध घेणाऱ्या शंभरातल्या ऐंशीहून अधिक लोकांना काही झालं नाही. ज्यांना झालं त्यांच्यात कुणी जुगार खेळलं, कुणी खरेदी करत सुटलं, कुणी रात्री उठून खाऊ लागलं, कुणाची कामवासना अनावर झाली. रेणू तोच.

'का खेळावंसं वाटलं' याचं बरंचसं उत्तर गोळीत आहे. 'रमीच का, रात्रीच का, चोरून का' याचं उत्तर शोधायला फोनमधल्या जाहिराती, निवृत्त माणसाचा रिकामा दिवस आणि गावातली मुख्याध्यापकाची अब्रू इथं जावं लागेल. चोरून खेळायला आधी लाज असावी लागते.

दुपारचा_चहा:

हं. हे पटतंय, आणि त्रासही देतंय.

कारण एक गोष्ट मी मुद्दाम लिहिली नव्हती. बाबांना आम्ही दहा वेळा सांगितलं की तुमची चूक नव्हती, गोळी होती. ते मानत नाहीत. म्हणतात, "गोळीनं ओढ लावली असेल, पासवर्ड मीच टाकत होतो." आणि पेन्शनमधून दरमहा पाच हजार आईच्या खात्यात टाकतात, 'हप्ता' म्हणून. डॉक्टर म्हणाले टाकू द्या.

मुद्दा सोडत नाही मात्र. फोन, जाहिरात, लाज, सगळं शेवटी मेंदूतूनच जातं ना? ८६ अब्ज पेशींचा पूर्ण नकाशा हातात आला की हेही त्यात असेलच.

सर्किट_सोनार:

इलेक्ट्रॉनिक्सवाला, म्हणून या 'पूर्ण नकाशा'त हात घालतो.

सी एलेगन्स नावाचा एक मिलिमीटरभर लांबीचा कृमी आहे. चेतापेशी मोजून ३०२. कोणती पेशी कोणाला जोडलेली आहे याचा नकाशा १९८६ सालीच छापून आला. तो कृमी पुढच्या क्षणी डावीकडे वळेल की मागे सरेल, हे त्या नकाशावरून आजही खात्रीनं सांगता येत नाही. जोडणीचा जोर, रसायनांचा माहौल, कृमी उपाशी आहे का, हे सगळं नकाशाबाहेर राहतं. आता ३०२ च्या जागी ८६ अब्ज.

दुसरा किस्सा माझा लाडका. १९७५ ची ६५०२ चिप आठवते? जुन्या अटारीतली. साडेतीन हजार ट्रान्झिस्टर, प्रत्येकाचं काम आपल्याला ठाऊक, कारण माणसानंच बनवली. २०१७ साली योनास आणि कॉर्डिंग या दोघांनी मेंदूवर वापरतात त्याच पद्धती या चिपच्या संगणकातल्या प्रतिकृतीवर चालवल्या. एकेक ट्रान्झिस्टर निकामी करायचा आणि कोणता गेम बंद पडतो ते बघायचं. काही असे सापडले की ते काढले तर फक्त 'डाँकी काँग' बंद पडतो, बाकीचे गेम चालू. मग काय, 'डाँकी काँगचं केंद्र' सापडलं म्हणायचं? तो बिचारा एखादी फुटकळ बेरीज करत होता. हातात सगळा डेटा असून चिप माहिती कशी हाताळते हे त्यातून निघालं नाही.

हे वाचल्यापासून मला 'मेंदूत प्रेमाचं केंद्र सापडलं' छापाच्या बातम्यांत डाँकी काँग दिसतो.

(अवांतर: ६५०२ वर मी कॉलेजात असेम्ब्ली शिकलोय. वय कळलं आता सगळ्यांना.)

लगोरी:

पण फिनियस गेज? अमेरिकेतला रेल्वेच्या कामावरचा मुकादम. १८४८, पहार गालातून घुसून कवटीतून आरपार गेली आणि सज्जन माणूस शिवराळ, बेभरवशाचा झाला. आम्हाला बीएला शिकवलंय.

वेगळीच_कावेरी:

@लगोरी, पहार गेली हे खरं. त्याच्या डॉक्टरांनी, हार्लोंनी, स्वभाव बदलल्याचं लिहिलं हेही खरं. पण हाच गेज पुढे चिलीला जाऊन काही वर्षं सहा घोड्यांच्या बग्गीवर गाडीवान होता. पहाटे उठायचं, घोडे जुंपायचे, उतारू आणि सामान सांभाळायचं. बेभरवशाच्या माणसाला हे काम कोण देईल? काही अभ्यासकांचं म्हणणं असं की ठरावीक दिनक्रमाच्या नोकरीनंच तो बराच सावरला असावा. पाठ्यपुस्तकातला गेज अपघातानंतर लगेच संपतो, खरा अकरा-साडेअकरा वर्षं जगला.

काळा_डगला:

वकिली करतो, पुण्यातच. धाग्यातल्या खटल्याबद्दल दोन गोष्टी राहिल्यात.

त्याच वर्षी निम्हान्सच्या (बंगळूरची मानसिक आरोग्य आणि मेंदूविज्ञानाची राष्ट्रीय संस्था) संचालकांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञ समितीनं या तंत्राला पुरेसा शास्त्रीय पाया नाही, पुरावा म्हणून वापरू नये, असं मत दिलं होतं. आणि शिक्षा झालेल्यांना पुढे उच्च न्यायालयातून जामीन मिळाला.

मग ५ मे २०१० ला सर्वोच्च न्यायालयाचा 'सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य' निकाल आला. नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूच्या लहरींची चाचणी, तिन्हींपैकी काहीही माणसाच्या मर्जीविरुद्ध करता येणार नाही. मर्जीनं केली तरी चाचणीचा निष्कर्ष हा पुरावा नाही. त्यातून पुढे एखादी वस्तू वा माहिती हाती लागली तरच तेवढी ग्राह्य.

निकालाचा मुख्य खांब घटनेच्या कलम २०(३) वर आहे: कुणालाही स्वतःविरुद्ध साक्षीदार व्हायला भाग पाडता येत नाही. शांत बसायचा हक्क तोंडापुरता नाही, डोक्यातल्या लहरींनाही आहे. विज्ञान उद्या कितीही अचूक झालं तरी हा प्रश्न उरतो. @दुपारचा_चहा यांचं 'यंत्रं सुधारतील' खरं धरलं, तरी सुधारलेलं यंत्र तुमच्या डोक्याला लावायचा अधिकार कोणाला, हे यंत्र सांगणार नाही.

आणि अनुभवाचं बोलतो. न्यायालयात 'संगणकानं सांगितलं' या वाक्याला जी वजनदारी येते ती साक्षीदार म्हातारीला येत नाही. उलटतपासणी म्हातारीची होते.

वेगळीच_कावेरी:

+१. याच वजनदारीवर २००८ साली येल विद्यापीठातून एक प्रयोग आला होता. लोकांना काही चांगली आणि काही सपशेल फुसकी स्पष्टीकरणं दिली. काहींत 'मेंदूच्या अमुक भागाच्या स्कॅनवरून दिसतं की' असं, मुद्द्याशी संबंध नसलेलं वाक्य घुसडलं. ते घुसडल्यावर फुसकी स्पष्टीकरणं सामान्य लोकांना बरी वाटू लागली. मेंदूविज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनाही. मुरलेले तज्ज्ञ तेवढे फसले नाहीत.

आणि त्या यंत्राची कुळकथा माहितीये का ताई? हान्स बर्गर यांनी १९२४ साली जर्मनीत माणसाचा पहिला ईईजी घेतला. तरुणपणी सैन्यात असताना ते घोड्यावरून पडून तोफेच्या गाड्याखाली जाता जाता वाचले. त्याच दिवशी दूर असलेल्या त्यांच्या बहिणीला भावाचं काही बरं नाही असं वाटलं आणि तिनं वडिलांना तार करायला लावली. मनातलं मनाला कळतं, त्यामागे काही ऊर्जा असली पाहिजे, म्हणून त्यांनी आयुष्यभर मेंदूचा पाठपुरावा केला. टेलिपथी शोधायला निघालेल्या माणसाला अल्फा लाटा सापडल्या.

मिरजमळा:

बाई गं! सोळा वर्षं त्या लाटा बघतेय आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

लगोरी:

ताई, त्या मुलाचं पुढे काय झालं ते सांगा ना. रिपोर्ट काय आला?

मिरजमळा:

नॉर्मल. अर्थात नॉर्मल म्हणजे फिट्स नाहीतच असंही नसतं. फिट्स असलेल्या जवळजवळ निम्म्या पेशंटचा पहिला ईईजी स्वच्छ निघतो. ते डॉक्टर बघतील.

आई-वडील बाहेर पैसे भरायला गेले होते. मी कोमट पाण्याच्या बोळ्यानं त्याच्या केसांतली पेस्ट काढत होते. तो आरशात स्वतःकडे बघत म्हणाला, "मॅडम, काय दिसलं?"

म्हटलं, "डोळे मिटलेस तेव्हा छान लाटा आल्या. आणि मध्ये तुला डुलकी लागली होती."

"अजून?"

"अजून काही नाही."

त्यानं दाराकडे बघून घेतलं आणि हळूच विचारलं, "म्हणजे पैसे कुठं ठेवलेत ते नाही ना दिसलं?"

मी नाही म्हटलं. मग त्यानंच सांगितलं कुणासाठी ठेवलेत ते. ते मी इथं लिहिणार नाही, आणि रिपोर्टमध्येही लिहिलेलं नाही.